कडूवरचा उतारा

वागियेमला आईकडून आठ बाटल्यांची बांबूची टोपली मिळाली, दगडी पाटा-वरवंटा मिळाला आणि दोन ताकिदी मिळाल्या. आई त्या नेहमी एका दमात द्यायची, म्हणून वागियेम दोन्ही मिळून एकच धरायची. जे आपल्या हाताने वाटलं नाही ते दुसऱ्याच्या पोटात घालायचं नाही, आणि ज्याला कडू पाजलं त्याला कडू तोंडाने सोडायचं नाही.

चौदाव्या वर्षी ती टोपली तिच्या पाठीवर चढली आणि चोपन्नाव्या वर्षीही उतरली नव्हती. जावा बेटावरच्या सोलो शहराच्या दक्षिणेला, नदीच्या बांधाला लागून कमुनिंगान नावाची वस्ती आहे. तिथे सकाळी साडेसहाला "जामूऽऽ" अशी हाळी आली की बायका पोरांच्या पाठीत धपाटा घालून त्यांना शाळेला पिटाळायच्या. घड्याळ मागेपुढे होईल, वागियेम व्हायची नाही. सगळी वस्ती तिला यू म्हणायची, म्हणजे ताई. पाठीवर शालीत बांधलेली टोपली, हातात पेले विसळायच्या पाण्याची बादली आणि तोंडाचा पट्टा चालू. बाकीच्या जामूवाल्या केव्हाच सायकलीवर गेल्या आणि तिथून स्कूटरवर. हिला कुणी त्याबद्दल विचारलं तर म्हणायची, "स्कूटरवरल्या बाईला कुणी आपलं दुखणं सांगतं का? ती गाडी उभी करेपर्यंत दुखणं पळून जातं."

जामू म्हणजे झाडपाल्याचं औषधी पाणी. तिच्या बाटल्यांत हळद-चिंचेचं पाणी असायचं, आल्याचं असायचं, विड्याच्या पानांचं असायचं. तेमुलावाक नावाचा जाडजूड पिवळा कंद होता, हळदीची थोरली बहीण म्हणा ना. तांदूळ भिजवून कचोऱ्याबरोबर वाटून माडाच्या गुळात कालवलेलं गोड पाणी होतं. आणि सगळ्यात शेवटची काळपट हिरवी बाटली किराईताची, त्यात गुळवेलीच्या जातीतल्याच एका वेलाचं खोड. त्या बाटलीला वस्तीत नाव नव्हतं. सगळे नुसतं "कडू" म्हणायचे, आणि एवढं म्हटलं तरी लहान पोरं पळायची. कडूचा पेला रिकामा झाला की मागोमाग अर्धा पेला गोड पाणी मिळायचं. तो उतारा. मागावा लागायचा नाही, त्याचे पैसे नसायचे, आणि तो दिला नाही अशी जामूवाली अख्ख्या जावा बेटावर सापडायची नाही.

आता पाक गुरूंकडे वळू. खरं नाव हार्सोयो, पण प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावरही सगळी गल्ली त्यांना पाक गुरूच म्हणायची. तिकडे मानाने पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू. निवृत्तीनंतर शाळा सुटली आणि पोट सुटलं. पुढे आरोग्य केंद्रातल्या तपासणीत निघालं की यकृतावर चरबी चढली आहे. ही बातमी त्यांनी बॅडमिंटन कोर्टावर अशी सांगितली, जणू सरकारने बक्षीस दिलंय. त्यांची बायको मुर्तिनी घरी मुकाट्याने भाज्या उकडायला लागली. पाक गुरू मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी वागियेमची वाट बघत उभे राहिले.

"यू, यकृतासाठी काय आहे तुझ्याकडे?"

"वर्षभर तुमचं पोट बघतेय मी. म्हटलं आज विचारतील, उद्या विचारतील. कडू घ्या."

"मग दुप्पट दे. मुख्याध्यापकाचं यकृत आहे, साध्या मात्रेला दाद देणार नाही."

तिने दुप्पट दिलं. ज्या माणसाच्या पावलांच्या आवाजाने पोरं चळचळा कापायची, तो माणूस फाटकाचा गज घट्ट धरून, डोळे मिटून, एका पायावर उभा राहिला. वागियेमला हसू आलं आणि कीवही आली. तिने उताऱ्याचा अर्धा पेला पुढे केला. तो एका घोटात गेला. मग तिने पेला भरूनच दिला. आठवड्याभरात दोन झाले आणि महिन्याभरात तीन. दुप्पट कडू पिणाऱ्या माणसाला थोडं जास्त गोड मिळायला नको का?

हे सगळं चाललं होतं आणि वागियेमच्या मनात एक गोष्ट सलत होती, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. आदल्या वर्षी ती बांधावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पकड गेली ती गेलीच. हळद वाटता यायची, तांदूळ वाटता यायचे, पण वेलाचं ते चिवट खोड वरवंट्याखाली नुसतं निसटायचं. शेवटी बाजारातल्या एका दुकानातून तिने कडूची तयार पूड आणली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, नाव ना गाव. "कडूपुरतंच," असं ती पाट्याकडे बघून म्हणाली, जशी काही तिथे आई बसली होती. त्या पुडीचं कडू आपल्या हातच्यापेक्षा जहाल लागतं असं तिला वाटायचं, म्हणून त्यावर गोड ओतताना तिचा हात आणखीच सैल व्हायचा.

आठ महिने असे गेले. मग पाक गुरूंची परत तपासणी झाली आणि सगळे आकडे वर निघाले. यकृत आणखी बिघडलेलं, आणि आता रक्तात साखरही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर विदुरी वयाने तिशीच्या आतल्या, पण प्रश्न विचारायला लागल्या की पोलीस बरा. त्यांनी विचारलं, काय काय घेता? पाक गुरूंनी छाती काढून सांगितलं, यू वागियेमचं कडू, रोज, दुप्पट. डॉक्टर म्हणाल्या, ते तूर्त थांबवा. झाडपाला आहे म्हणून निर्धोक असतोच असं नाही, आणि काही ठिकाणी असल्या जामूत दुखण्याच्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्यात, तेव्हा बाटली तपासायला हवी. शेजारी बसलेल्या मुर्तिनीने यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी फाटकात पाक गुरू नव्हते, मुर्तिनी होती.

"यू, उद्यापासून हे फाटक सोडून पुढे जायचं."

"का हो बू? काय झालं?"

"काय झालं ते तूच सांग. काय घालतेस त्यात? माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुझ्या आईने मला जामू पाजला. डोळे मिटून प्यायले मी. तुझ्याही हातचं तसंच प्यायले. आणि तू माझ्या नवऱ्याचं यकृत नासवलंस!"

"बू, आईशप्पथ..."

"आईचं नाव घेऊ नकोस. ती असती तर तुझ्या आधी तीच माझ्या पाया पडली असती."

फाटक लागलं. वागियेम बादली घेऊन तशीच उभी राहिली. त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे ती प्लॅस्टिकची पिशवी आली होती.

कमुनिंगानमध्ये कुणी कुणाला तोंडावर बोलत नाही. मुर्तिनी बोलली तेच नवल. बाकीच्यांनी नेहमीच्या रीतीने केलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पोटं एकदम भरली. "आज नको गं यू, आत्ताच टेंपे तळून खाल्लं." "उद्या बघू हं यू, पोट जड आहे." मशिदीपासून पुलापर्यंत एकाही घरी भूक शिल्लक नव्हती. ती आठही बाटल्या भरलेल्या तशाच घरी घेऊन आली.

लोकांचं तिला एवढं लागलं नाही. लोक काय, आज फिरतात, उद्या वळतात. तिला झोप येईना ती पिशवीमुळे. दुकानदाराने आत काय कुटलंय हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना तिने ते आठ महिने एका माणसाला पाजलं होतं, तेही दुप्पट. मुर्तिनी खोटं बोलली असती तर वागियेम भांडली असती. पण मुर्तिनी खरीच असेल तर? पाक गुरू मेले तर? रात्री उठून ती पाणी प्यायची.

तिसऱ्या दिवशी तिने टोपली पाठीवर घेतली, पुडीची पिशवी बादलीत ठेवली आणि सरळ आरोग्य केंद्र गाठलं. रांगेत तास काढून आत गेली, पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"बू डॉक्टर, ही पूड मी वाटलेली नाही. विकत आणली. कुणाला सांगितलं नाही. आता तपासा आणि मला काय करायचं ते करा."

डॉक्टर विदुरींनी पिशवी उघडून वास घेतला आणि शिंकल्या.

"बसा आधी. पाठीवरचं खाली ठेवा."

"नको. बसले तर रडेन."

"मग रडा. खुर्ची रडायलाही चालते," डॉक्टर म्हणाल्या, आणि थोडी पूड काढून घेऊन तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, बाकीची परत दिली. "प्रयोगशाळेत पाठवते. अकरा दिवस लागतील, तोवर कुणाला पाजू नका."

ते अकरा दिवस वागियेम फेरीला गेली नाही. पहाटे जाग यायचीच. हात रिकामे बसेनात म्हणून ती हळद वाटायची, आणि प्यायला कुणी नाही म्हणून ती केळीच्या बुंध्याशी ओतायची. शेजारीण म्हणाली, यू, तुझी केळ आता बाळंतीण होणार. एरवी वागियेमने यावर तिला दोन सुनावल्या असत्या. त्या दिवशी तिने हळदीचा पुढचा तुकडा पाट्यावर घेतला.

बाराव्या दिवशी निरोप आला, दहा वाजता या, पाक गुरूंनाही बोलावलंय. म्हणजे चारचौघांत निकाल लागणार. बाटल्या भरून ती टोपलीसकट गेली. टोपली घेतल्याशिवाय घराबाहेर कसं पडतात हे तिला येतच नव्हतं. पाक गुरू आणि मुर्तिनी आधीच बाकावर बसले होते. मुर्तिनीने मान वळवली.

डॉक्टरांनी कागद उघडला. "या पुडीत किराईत आहे, वेलाचं खोड आहे आणि थोडी माती आहे. औषधाची गोळी नाही, विष नाही, काही नाही."

वागियेमला आधी ते कळलंच नाही. "माती?" ती म्हणाली. "माती कशी? धुवत नाहीत की काय मेले! मी तीन पाण्यांनी धुते!" आणि मग ती जमिनीवरच बसली, शालीच्या टोकाने तोंड झाकून हमसाहमशी रडली. इतक्या दिवसांचा दगड छातीवरून उतरला होता आणि त्याखाली मोकळा श्वास घ्यायचा कसा हे तिला आठवत नव्हतं. पाक गुरू उठून तिच्याजवळ गेले, काय करावं ते न सुचून तिची बादली सरळ करून परत आले.

मुर्तिनी मात्र सोडायला तयार नव्हती. "मग यांचं यकृत खाल्लं कुणी?"

"तेच मला कळत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही भाज्या उकडून देता, हे तळलेलं सोडलंय म्हणतात. यू, बाटल्या आहेत ना? रोज यांना जसं देता, अगदी तसं द्या बरं आत्ता. मला बघू द्या."

वागियेमने डोळे पुसले, टोपली पुढे ओढली. कडूचे दोन पेले. पाक गुरूंनी सवयीने बाकाचा हात धरला, डोळे मिटले आणि प्यायले. मग न बघताच हात पुढे केला. वागियेमच्या हाताने न विचारता गोडाचा पेला भरला. तो गेला. दुसरा गेला. तिसरा त्यांनी घोट घोट चवीने घेतला आणि ओठ पुसले.

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं.

"हे काय दिलंत?"

"काही नाही, बू डॉक्टर. उतारा."

"कशाचा करता?"

"तांदूळ, कचोरा, माडाचा गूळ."

"गूळ किती?"

"एका बाटलीला मुठीएवढे दोन खडे."

"आणि बाटलीत पेले किती?"

"पाच," वागियेम म्हणाली, आणि म्हणतानाच तिचा आवाज बारीक झाला.

"म्हणजे हा माणूस आठ महिने रोज सकाळी मूठभराहून जास्त गूळ पितोय," डॉक्टर म्हणाल्या. "पाक गुरू, मी तुम्हाला विचारलं होतं ना, गोड काय काय खाता?"

"खात नाहीच मुळी!" पाक गुरू दुखावले. "ते औषधात आहे. औषध कुणी मोजतं का?"

मुर्तिनीच्या तोंडातून आधी एक विचित्र आवाज निघाला, मग ती जी हसायला लागली ती थांबेचना. "उकडलेला पडवळ खाऊ घालतेय मी या माणसाला," ती हसता हसता म्हणत होती, "आठ महिने पडवळ!"

डॉक्टरही हसल्या, पण मग नीट समजावून सांगितलं. जास्तीची साखर यकृतात जाते आणि तिथे तिची चरबी होते. किराईताच्या कडूपणात आणि हळद वाटून वागियेमची बोटं ज्याने पिवळी झाली होती त्या रंगात काय अंश आहे, तो यकृताच्या चरबीवर आणि रक्तातल्या साखरेवर चालतो का, यावर मोठमोठ्या प्रयोगशाळांत काम चाललंय. थोडा गुण दिसतो असं काही जण म्हणतात, खात्रीने अजून कुणी सांगत नाही. "पण ते लोक अंश वेगळा काढून, मोजून, गोळीत भरून देतात. वर तीन पेले गुळाचं पाणी कुणी देत नाही. तेव्हा गोड बंद. कडू सोडलंत तर उत्तम. घ्यायचंच असेल तर एकपट, आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि रोज चालायचं, पाक गुरू, बॅडमिंटन कोर्टावर बसायला जाणं म्हणजे चालणं नव्हे."

घरी जाताना वागियेमच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आईची पहिली ताकीद तिने मोडली होती आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. दुसरी तिने जिवापाड पाळली होती आणि घात त्या ताकिदीनेच केला होता. आईला हे कळवायला हवं होतं, पण कळवणार कुठे? ती पाट्याजवळ बसून म्हणाली, "बघ गं बाई, तुझ्या ताकिदींचं काय झालं ते," आणि त्या दिवशी गाढ झोपली.

सकाळी पाक गुरू फाटकाशी हजर. मुर्तिनी आत कुठेतरी भांडी वाजवत होती, बाहेर आली नाही. पाक गुरूंनी कडूचा एक पेला घेतला, आणि त्यांचा हात आपोआप पुढे आला. वागियेमचा हातही आपोआप गोडाच्या बाटलीकडे गेला आणि बुचावर थांबला. कडू तोंडाचा माणूस समोर उभा होता आणि तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"चला," ती एकदम म्हणाली.

"कुठे?" पाक गुरूंचं तोंड अजून वाकडंच होतं.

"माझ्याबरोबर. तोंडातलं कडू जाईपर्यंत. उभं राहिलं की ते जिभेवर ठाण मांडून बसतं. चालणाऱ्याच्या तोंडात नाही टिकत."

हे खरं की खोटं, देव जाणे. तिने ते त्याच घडीला रचलं होतं. पण माणूस मुख्याध्यापक असला म्हणून काय झालं, कडू तोंडाने त्याला सगळं पटतं. ते निघाले. पहिल्या दिवशी मशिदीपर्यंतच दम लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातातली बादली घेतली, मोकळ्या हाताने चालणं बरं दिसत नाही म्हणून. आठवड्याभरात ते पुलापर्यंत जायला लागले आणि पुलावरून परत. जामूवालीमागे बादली घेऊन पाक गुरू चाललेत, हे बघायला बायका फाटकात यायला लागल्या. फाटकात आल्यावर पाक गुरू त्यांना वर्ग भरल्यासारखं सांगायचे, "प्रयोगशाळेत तपासलंय. माती सोडून काही सापडलं नाही." पाठोपाठ सगळ्या वस्तीची पोटं रिकामी झाली. पुलाजवळच्या दोन तरण्या सुनांनी बांधावरचं किराईत आणि वेल कापून, वाटून द्यायचं कबूल केलं. वागियेम शेजारी उभी राहून ते तीनदा धुवून घ्यायची. बाजारातली पिशवी तिने पुन्हा आणली नाही.

सगळं जागेवर आलं, एक सोडून. मुर्तिनी बाहेर येत नव्हती. भाताचा डबा पाक गुरूंच्या हातून वागियेमला पाठवायची, नारळाच्या दुधात शिजवलेला, वर कोंबडीचा तुकडा. पण वागियेमच्या हाळीला घरात जायची. रागाने नाही, हे वागियेमला कळत होतं. फाटकात ती जे बोलली होती ते तिला परत घेता येत नव्हतं. तरी वागियेमच्या जिवाला लागायचं. आईने जिला बाळंतपणात पाजलं, ती बाई तिच्या हातचा पेला धरत नव्हती. प्रयोगशाळेचा कागद आणखी काय सिद्ध करणार?

तीन महिन्यांनी पाक गुरूंची तपासणी झाली. साखर उतरली होती, यकृतावरची चरबीही कमी दिसत होती, आणि पट्ट्याला त्यांनी स्वतःच्या हाताने दोन नवी भोकं पाडली होती. डॉक्टर म्हणाल्या, गूळ सुटला आणि चालणं लागलं. पाक गुरू म्हणाले, कडू. दोघांचं यावर खूप वेळ वाजलं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वागियेम हाळी देत आली तेव्हा पाक गुरूंच्या शेजारी, हातात स्वतःचा पेला घेऊन, मुर्तिनी उभी होती.

"मलाही दे," मुर्तिनी म्हणाली.

"कोणतं देऊ, बू? हळद-चिंच?"

"कडू."

वागियेमने टोपली उतरवली. ओतताना थोडं बादलीत सांडलं. मुर्तिनी एका दमात प्यायली. तिचा चेहरा असा झाला की पाक गुरूंनी फाटकाचा गज तिच्यासाठी मोकळा करून दिला.

"अगं बाई गं!" ती कशीबशी म्हणाली. "हे रोज पितात हे?"

"आधी दुप्पट प्यायचो," पाक गुरू अभिमानाने म्हणाले.

वागियेमचा हात पुन्हा गोडाच्या बाटलीकडे गेला. एवढ्या दिवसांनी ही बाई तिच्या हातचं प्यायली होती, आणि तिला कडू तोंडाने सोडायचं? मुर्तिनीने तो हात बुचावर पोचायच्या आत धरला आणि क्षणभर तसाच घट्ट धरून ठेवला.

"राहू दे, यू. हे म्हणतात पुलापर्यंत जातं."

"तुझं नाही जायचं पुलापर्यंत," पाक गुरू म्हणाले. "पहिल्या दिवशी माझं मशिदीपर्यंतही गेलं नव्हतं."

"तुम्ही गप्प बसा," असं म्हणून मुर्तिनीने त्यांच्या हातातली बादली ओढून घेतली आणि वागियेमच्या बरोबरीने चालायला लागली.